रॉइसच्या डोक्यावरचे ट्रेलरचे दिवे

गॅनेट पॉइंट, तास्मानिया
मार्चचा शेवटचा सोमवार

तीर्थस्वरूप विन्सम वन्सं यांना लॉरेलचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घ्यावा. खरोखरीचा घातला तर मला उठवायला धक्क्यावरची क्रेन मागवावी लागेल.)

पत्रास खास असं काही कारण नाही. काम असल्याशिवाय मी लिहीत नाही असं तुम्ही मागे म्हणाला होतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. तुमचे गुडघे कसे आहेत? बंडाबर्गच्या उन्हात ते मोकळे होतील असं डॉक्टर म्हणाले होते, पण उन्हाने माणूस सैल होतो, गुडघे होतीलच असं नाही. उजव्याला माझा वेगळा नमस्कार सांगा, गेल्या ईस्टरला आमच्या जिन्यात त्याने फार सोसलं. नाताळात तुम्ही पाठवलेला फळांचा केक अजून आहे. अजून म्हणजे जवळजवळ सगळाच आहे. असा केक कुणी भसाभसा खात नाही, जपून ठेवतं. आम्ही ठेवलाय तिथून तो तसूभर हललेला नाही.

आता तुमच्या बंधुराजांविषयी. सफरचंदांच्या कामातून निवृत्त झाल्यापासून रॉइसचा जीव कशात असेल तर तो धक्क्यावरच्या रेडिओच्या खोलीत, हे तुम्हाला माहीत आहेच. तिथल्या फिरत्या खुर्चीत बसायचं, खाडीत गेलेल्या होड्यांपैकी कुणाची हाक आली तर उत्तर द्यायचं, कुणी अडकलं असेल तर दुसरी होडी पाठवायची. पगार नाही, पण कोटाला बिल्ला मिळतो, आणि पुरुषमाणूस बिल्ल्यासाठी जेवढं करतो तेवढं पगारासाठी करत नाही. तर जानेवारीत एक गृहस्थ पेट्रोल संपून खाडीच्या मधोमध अडकले. त्यांनी हाका मारल्या, पुन्हा मारल्या, शेवटी वल्ही मारत धक्क्याला आले आणि रेडिओच्या खोलीच्या काचेवर टकटक केली. आत रॉइस रेडिओला अगदी खेटून बसला होता आणि भिंतीवरचं घड्याळ उघडून त्यातली चाकं पुसत होता. वर त्या गृहस्थांनाच म्हणाला, "जरा थांबा हं, हे एवढं बसवतो." कमिटी बसली. कमिटीत तो बेव्हन, ज्याचा त्या खुर्चीवर केव्हापासूनचा डोळा. लक्ष ठिकाणावर असल्याचा पुरावा आणल्याशिवाय रॉइसला खुर्ची नाही, तोवर तिथे बेव्हन बसेल असं ठरलं. रॉइसने घरी येऊन कोट उलटा करून कपाटात टांगला, बिल्ला दिसू नये म्हणून. मला वाईट वाटलं, वन्सं. माणूस निवृत्त झाला की त्याला कुणीतरी वाट बघणारं लागतं, आणि ह्याची वाट बघायला निदान बुडणारे लोक तरी होते.

लक्ष नसणं हे काही नवीन नाही. (घराण्याला नावं ठेवत नाही. तुमचे वडील स्वतःच्या लग्नाला निघून वाटेत मासे धरत बसले, ही गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती.) आमच्या संसारात पहिल्यापासून वाटणीच अशी आहे की मी बोलायचं आणि त्याने ऐकायचं नाही. मला मोठ्याने विचार करायची सवय. तेच बोलणं भिंतीशी केलं तर लोक वेड लागलं म्हणतात, नवऱ्याशी केलं तर संसार म्हणतात. त्याचं लक्ष नसतं याची मी तक्रार करायची, पण खरं सांगायचं तर त्यात सोयही फार होती, आणि ती किती होती हे मला पुढे कळलं.

बेकरीच्या काचेवर एक कागद लागला होता: मोठ्या माणसांचं लक्ष वाढवण्यासाठी डोक्याला उजेडाचा शेक, होबार्टच्या विद्यापीठाचा प्रयोग, माणसं पाहिजेत. मी रॉइसचं नाव तिथल्या तिथे दिलं. (त्याला विचारलं होतं. तो "हं" म्हणाला. तो सगळ्यालाच "हं" म्हणतो.) गावच्या सभागृहात फ्रेया नावाची एक तरुण डॉक्टरीणबाई आली, जमलेल्या मंडळींच्या परीक्षा घेतल्या आणि मग बराच वेळ नीट समजावून सांगितलं. मी तेव्हा पलीकडे लोकर घ्यायला गेले होते, नाहीतर पुढचं रामायण झालंच नसतं. मला नंतर कळलं त्याप्रमाणे ती म्हणाली होती की सायकलवाल्याच्या टोपासारखा हा टोप रोज सकाळी डोक्यावर घालून स्वस्थ बसायचं. यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही, तो कवटीतून आत जातो. निम्म्या टोपांत उजेड आहे, निम्मे मुद्दाम रिकामे ठेवलेत, आणि कुणाचा कुठला हे तिलाही ठाऊक नाही, म्हणजे नुसत्या मनाच्या समजुतीने किती फरक पडतो ते वेगळं काढता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टोप कुणी उघडायचा नाही. रॉइस या सगळ्या वेळात सभागृहाच्या दाराच्या बिजागरीकडे बघत होता. घरी येताना गाडीत मला एवढंच म्हणाला, "तो वरचा स्क्रू चुकीचा लावलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोप घालून तो आरशासमोर उभा राहिला. उजेड नाही. न्हाणीघरात अंधार करून पाहिलं, तरी नाही. मला म्हणाला, "मेलाय हा." आता दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाने तो परत पाठवला असता. आमच्या गावचा पुरुष बिघडलेली वस्तू परत पाठवत नाही, ती शेडमध्ये नेतो. तिथे सगळे निवृत्त एकत्र जमून चहा पितात आणि गावातल्या चांगल्या चाललेल्या वस्तू दुरुस्त करतात. शेडचा मुख्य एरोल. (जन्मभर फ्रिज दुरुस्त केले. आमचाही केला होता, तेव्हापासून त्यात दूध गोठतं आणि आइस्क्रीम वितळतं.) त्याने टोप उघडला आणि सगळ्यांना बोलावून दाखवला. आत एक बॅटरी आणि गुणगुणणारा एक छोटा पंखा, बाकी काही नाही. एरोल म्हणाला, "रॉइस, लेका, तुला पोटात आतडंच नसलेला माल दिलाय." सगळ्यांना फार कीव आली. विद्यापीठाला सरकार पैसे देत नाही, पोरीने तरी काय करावं, असं ठरलं. आणि शेडमध्ये गाडीमागे जोडायच्या ट्रेलरच्या लाल दिव्यांचं एक खोकं कित्येक वर्षं पडून होतं.

म्हणजे आता तुमचे बंधू सकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसलेले डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर टोप, टोपाला आतून बाहेरून लाल दिवे, त्यातले दोन वळण घेताना लुकलुकतात तसे लुकलुकणारे (ते एरोलला बंद करता आले नाहीत), आणि टोपातून निघालेली वायर खाली जमिनीवर ठेवलेल्या मोटारीच्या बॅटरीला. उठता येत नाही, बाहेर जाता येत नाही, हातात स्क्रू-ड्रायव्हर घ्यायची बंदी. दावणीला बांधलेल्या बैलासारखा माझ्यासमोर बसून राहायचा. कोंबड्या दारातून आत डोकावून परत जायच्या.

आणि गुण आला. लग्न झाल्यापासून जे झालं नाही ते झालं. एका सकाळी मी नेहमीसारखी किटलीशी बोलत होते की एरोलच्या बायकोने पुन्हा केस रंगवलेत आणि या खेपेला अगदी बीट दिसतेय. मागून आवाज आला, "बीट नाही, गाजर. आणि परवा दुकानात तू तिला छान दिसतंय म्हणालीस." माझ्या हातातलं झाकण पडलं. त्यानंतर रोज तेच. पाद्रीबाबांच्या प्रवचनाबद्दल काही म्हणावं तर हा म्हणणार, "मग मान कशाला डोलावत होतीस?" मटणात मीठ जास्त झालं असं स्वतःशी पुटपुटावं तर हा म्हणणार, "मागच्या रविवारीही झालं होतं, तेव्हा तू खाटकाला दोष दिलास." मी बोलणं बंद केलं. मनातल्या मनात विचार करायला लागले. वन्सं, तुम्ही कधी करून पाहिलाय का? फार त्रासाचं काम आहे. विचार बाहेर पडत नाहीत, आतच फुगत राहतात. मला अपचन झालं.

इकडे रॉइसचा गुण बघून प्रयोगातली बाकीची मंडळीही आपापले टोप घेऊन शेडमध्ये गेली. रिकामे टोप निघाले त्यांत दिवे बसवले. काहींच्या आत खरोखरच बारीक बारीक दिवे निघाले, पण ते लागलेले दिसेनात, म्हणून एरोलने ते खराब समजून काढले आणि तिथेही ट्रेलरचे लावले. पोस्टातली बाई, पाद्रीबाबा, गोगलगायी पाळणारे ते जुळे भाऊ, सगळे घरोघरी सकाळी लाल उजेडात बसायला लागले. फ्रेयाबाई मधली तपासणी करायला आली आणि सभागृहाच्या दारातून ही वरात आत शिरताना बघून खुर्चीवर बसली ती बसलीच. एरोल मोठ्या मनाने पुढे झाला.

"बाई, तुमचा सगळा माल मेलेला होता. आम्ही सगळा दुरुस्त करून दिलाय. काही द्यायला नको."

"तो दिसणाराच नव्हता उजेड," ती अगदी हळू म्हणाली. "आणि निम्मे रिकामेच ठेवायचे होते."

"मग ते आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं. दोनदा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच आठवेना. पाद्रीबाबा म्हणाले, "लक्ष असतं तर आम्ही इथे आलो असतो का, पोरी?" बिचारीने सगळे टोप गोळा केले. रॉइसचा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि परत दिला, म्हणाली हा ठेवा तुम्हीच, यात आता आमचं काही राहिलेलं नाही. मी तिला चहा आणि स्कोन दिले. रडत रडत तिने चार खाल्ले. (मुलगी चांगली आहे. तुमच्या नातवासाठी विचार करायला हरकत नाही.)

पण प्रयोग बुडाला तसा रॉइसचा पुरावाही बुडाला. कमिटीने सांगितलं की विद्यापीठाच्या सहीचा कागद नाही तर खुर्ची नाही. बेव्हन म्हणाला, "डोक्याला ट्रेलर बांधून कुणी हुशार होत नाही, रॉइस." मला राग आला आणि मी त्याच्या नाकाबद्दल बोलणार होते, पण नवीन सवयीप्रमाणे मनातल्या मनात बोलले. रॉइसने घरातला जुना रेडिओ माळ्यावरून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. त्यावरून उत्तर द्यायची त्याला परवानगी नव्हती, नुसतं ऐकता यायचं. दुपारभर तो तिथे बसून दुसऱ्यांच्या हाका ऐके आणि बेव्हन त्यांना उत्तर देई. मला ते बघवेना.

म्हणून, आणि तुंबलेलं बोलणं मोकळं करायला, मी गेल्या बुधवारी स्टू मंद आचेवर ठेवून एकटीच छोटी होडी घेऊन फ्लॅटहेड मासे धरायला गेले. पाण्यावर कुणी ऐकत नाही. पोटभर बोलले. मासेही मिळाले. परतताना इंजिन खोकलं आणि बंद पडलं, वारा जमिनीवरून समुद्राकडे, आणि नांगर घरी, कारण तो रॉइसने रंगवायला काढला होता. मी हातातल्या रेडिओवर हाक मारली. उत्तर नाही. (बेव्हन त्या क्षणी टोस्टला लोणी लावत होता, हे नंतर कळलं.) पुन्हा मारली. मग चिडून रेडिओ बाजूला टाकला, आणि तो नेमका माझ्या बैठकीखाली गेला. माझी बैठक तुम्हाला ठाऊक आहे. बोलायचं बटण दाबलं गेलं ते दाबलेलंच राहिलं. म्हणजे मला कुणाचं ऐकू येईना, आणि माझं सगळं सगळ्या खाडीला ऐकू जायला लागलं. एकटी बाई खुल्या समुद्राकडे वाहत चालली असताना जे जे मनात येतं ते ते मी म्हणत होते. गावातलं माणूस बहुधा कुणी माझ्या तोंडून सुटलं नाही. इथे ते पुन्हा लिहीत नाही.

बेव्हनच्या नाकाचा विषय निघाला तेव्हा बेव्हनने रेडिओचा आवाज बारीक केला. कमिटीपुढे नंतर म्हणाला, कुणाच्या बायकोचं घरगुती बोलणं ऐकणं सभ्यपणाला धरून नाही. बाकीच्या होड्यांवर लोक हसत होते, त्यांना वाटलं मी धक्क्याजवळच आहे. शेवटपर्यंत कान देऊन फक्त एकाने ऐकलं. मी मध्येच म्हणाले होते की सामन मासे पाळतात त्या जाळ्यांची तरंगती कडी मागे गेली, आणि त्या हिरव्या छपराच्या घराची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा बरी दिसते. ते घर मागून दिसतं अशी खाडीत एकच जागा आहे, आणि तिथून पुढे थेट दक्षिण ध्रुवापर्यंत काही नाही. अंधारून आलं होतं. मी गप्प झाले होते, वन्सं, आणि मी गप्प झाले म्हणजे काय ते तुम्ही समजा. मला भीती वाटत होती. तेवढ्यात लांब पाण्यावर लाल दिवे दिसले, त्यातले दोन वळण घेताना लुकलुकावेत तसे लुकलुकत होते. मला वाटलं कुणाचा तरी ट्रेलर समुद्रात पडला.

रॉइस होता. एरोलची होडी, डोक्यावर टोप, मांडीवर मोटारीची बॅटरी. जवळ येऊन म्हणाला, "बटणावरून ऊठ आता." मी त्याला धरून रडले. शुक्रवारी कमिटी बसली आणि खुर्ची रॉइसला परत मिळाली, बेव्हनला कॅन्टीन दिलं. कोट पुन्हा सुलटा टांगलाय. बिल्ला मी स्वतः घासून दिला. मी सगळ्यांना सांगतेय की हा टोपाचा गुण. फ्रेयाबाईलाही कळवलंय, पण ती म्हणते एका माणसावरून आणि एका ट्रेलरवरून काही सिद्ध होत नाही. शिकलेल्या माणसांना गुण दाखवूनही दिसत नाही, त्याला आपण काय करणार?

गुडघ्यांना जपा. थोरांना नमस्कार, लहानांना पापे, आणि तुमच्या पोपटाला, तो अजून शिव्या देत असेल तर, आमच्याकडून एक परत.

तुमची भावजय,
लॉरेल

ता. क. – तुमची शाळेतली मैत्रीण मेव्हिस हल्ली इस्त्री करताना होड्यांच्या हाकांचा रेडिओ लावून ठेवते. ती तुम्हाला फोन करेल. अजून केला नसेल तर बरं. बुधवारच्या माझ्या बोलण्यात तुमचा उल्लेख आला असं ती म्हणेल. लाटांच्या आवाजात शब्द नीट ऐकू येत नाहीत, हे तुम्ही तिला सांगावं.

आणखी ता. क. – ती नक्की काय म्हणेल हे मी इथे लिहिते, म्हणजे तुम्हाला धक्का बसणार नाही. "विन्समचा केक बरोबर आणला असता तर नांगर म्हणून तरी टाकता आला असता." हे मी म्हणाले. पण वन्सं, नीट विचार केलात तर यात माझा तुमच्या केकवरचा विश्वासच दिसतो. बुडत्या माणसाला जवळचंच आठवतं.

अगदी शेवटचा ता. क. – ईस्टरला तुम्ही आलंच पाहिजे, नाहीतर सगळ्या गावाला मेव्हिसचं खरं वाटेल. येताना केक आणा, मोठा आणा, आणि धक्क्यावरून सगळ्यांना दिसेल असा हातात धरून आणा. मी सगळ्यांदेखत खाईन.

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

ताई, हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय. मी वाचलं. तिने एक गोष्ट लिहिली नाही ती मी लिहितो. सगळ्यांना नावं ठेवून झाल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "रॉइस, तू ऐकत नाहीयेस हे मला माहीत आहे, तरी सांगते. स्टू गॅसवर आहे, तो बंद कर. आणि मग मला घ्यायला ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस." मी आधी गॅस बंद केला आणि मग गेलो.

टोप त्या दुपारभर खुंटीला होता. होडीत बसताना घातला, अंधारात तिला मी दिसावा म्हणून. हे तिला कळवू नकोस, टोपाचं कौतुक करण्यात ती सध्या खूश आहे.

ईस्टरला नक्की ये. केक आणू नकोस. नांगर नवीन घेतलाय.

रॉइस